लेखणी कोठें अडते?



लेखनाचा वेग हे शब्द कानांवर पडतांच आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडते. भराभर लिहिलेलें तें उथळ आणि रखडत रखडत लिहिलेलें तें सखोल, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. वर्षांतून दोन कविता लिहिणाऱ्यानें ती खुशाल बाळगावी. आजचें भाषण त्याच्यासाठीं नाहीं. तें आहे लेखणीवर ज्यांचा प्रपंच चालतो त्यांच्यासाठीं. वृत्तपत्राचें सदर दर बुधवारीं न चुकतां पाठविणारा, शब्दांच्या हिशेबानें मोबदला घेणारा भाषांतरकार, उद्यांच्या चित्रणासाठीं मालिकेचे संवाद आज रात्रींच पुरे करून देणारा, आणि दिवाळी अंकाच्या संपादकानें ज्याच्याकडून आषाढांतच लेख कबूल करून घेतला आहे तो. यांच्या दृष्टीनें वेग ही हौस नव्हे. एका लेखाला तीन दिवस लागतात कीं एक, यावर घरभाडें आणि मुलांची फी अवलंबून असते. शिवाय ज्याचा लेख तीन दिवस रखडतो त्याला चौथ्या दिवशीं तो सुधारण्यास वेळच उरत नाहीं. आलेली घटका आणि हातांतला कागद, दोन्ही तसेच छापखान्याकडे जातात. म्हणजे मंद लेखकाचें लिखाण पुष्कळदां अधिक कच्चें छापलें जातें, ही गोष्ट सखोलतेचे अभिमानी सहसा लक्षांत घेत नाहींत.

प्रथम थोडें गणित करूं. शिक्षकाचा हा जुना रोग आहे. महाराष्ट्रांत टंकलेखनाची जी सरकारी परीक्षा असते तिच्यांत मराठीसाठीं मिनिटाला ३० शब्द ही एक पायरी आणि ४० शब्द ही तिच्यापुढची. पहिली पायरी चढलेला मनुष्य समोर ठेवलेला १५०० शब्दांचा मजकूर ५० मिनिटांत उतरवून काढील. हातानें लिहिणारा मिनिटाला १५ शब्द लिहितो असें धरलें, तर त्याला १०० मिनिटें लागतील. आतां आपण स्वतःलाच विचारावें, १५०० शब्दांचा आपला लेख १०० मिनिटांत कधीं पुरा झाला आहे काय? बहुतेकांचा तो दोन दिवस चालतो. मग मधला वेळ गेला कोठें? बोटांनीं तो खाल्लेला नाहीं. टंकनाचा वेग ३० वरून ४० वर नेला तर एवढ्या लेखामागें साडेबारा मिनिटें वांचतात. तीं अवश्य वांचवावींत. कळफलकाकडे न पाहतां दहाहि बोटांनीं टंकन करणें ज्याला येत नाहीं त्यानें तें शिकून घ्यावें. पण एखादें साल शोधण्यासाठीं खुर्चीवरून उठलेला लेखक तासाभरानें परत येतो, त्यापुढें त्या साडेबारा मिनिटांची मातबरी ती काय?

हाताचा वेग वाढविण्याचा प्रयोग आपल्या पूर्वजांनींहि करून पाहिला होता, आणि तो चांगला यशस्वी झाला होता. मोडी लिपी ती हीच. परंपरा तिचें श्रेय यादवांच्या हेमाद्रि पंडिताला देते. त्यांत इतिहास किती आणि दंतकथा किती हा वाद बाजूला ठेवूं. बाळबोध लिहितांना अक्षरागणिक लेखणी उचलावी लागते. मोडी लिहिणारा कारकून आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई, आणि मग एका अक्षरांतून दुसरें काढीत, होईल तोंवर लेखणी न उचलतां लिहीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा नाहीं, दोन शब्दांमध्यें मोकळी जागा नाहीं, विरामचिन्हांचें नांव नाहीं. शेंकडों वर्षें मराठी मुलुखाचा कारभार या लिपीनें हांकला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविलीहि जात होती.

पण त्याच दफ्तरांतली एक आख्यायिका आहे. शिवाजी महाराजांनीं आपले चिटणीस बाळाजी आवजी यांस एक पत्र लिहिण्यास सांगितलें. कामाच्या गर्दींत तें लिहावयाचें राहिलें. महाराजांनीं पत्र वाचून दाखविण्याची आज्ञा केली तेव्हां चिटणीसांनीं कोरा कागद हातांत धरून सारें पत्र अस्खलित वाचून दाखविलें. ही कथा इतिहासाच्या कसोटीला लावण्याचें कारण नाहीं. तिच्यांतलें मर्म असें कीं, कागदावर एक अक्षर नसतांहि तें पत्र लिहून झालें होतें. उतरवून काढावयाचें तेवढें राहिलें होतें. व्यास आणि गणपति यांची कथाहि याच जातीची. आपली लेखणी क्षणभरहि थांबतां कामा नये अशी गणपतीनें अट घातली. व्यासांनीं उलट अट घातली कीं अर्थ समजल्यावांचून अक्षर लिहावयाचें नाहीं. मग मधूनमधून एखादा कूट श्लोक घालावा, आणि गणपति त्याचा अर्थ लावीत असतां पुढचे श्लोक मनांत जुळवून घ्यावे, असा व्यासांनीं मार्ग काढला. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तींत ही कथा मूळ संहितेंत धरलेली नाहीं. ती मागाहूनची असो. पण ज्यानें ती रचली त्याला लेखकाचा धंदा पक्का ठाऊक होता. लिहिणाऱ्याचा वेग पुरेसा होता. अडचण होती ती सांगणाऱ्याची.

लेखक मेजाशीं बसतो तेव्हां तो एक काम करीत नसतो, तीन करीत असतो. काय सांगावयाचें तें ठरवितो, तें कोणत्या शब्दांनीं सांगावें तें पाहतो, आणि सांगितलेलें बरें उतरलें कीं नाहीं याचा निवाडाहि त्याच क्षणीं देतो. साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश हीं तिन्ही सोंगें एकाच माणसानें एकाच वेळीं वठवावयाचीं म्हटल्यावर खटला लांबणारच. पहिलें वाक्य लिहावें, खोडावें, पुन्हां लिहावें. दुसरें कोणतें असावें तें ठाऊक नसल्यामुळें पहिलेंच अधिक सुरेख करीत बसावें, असा प्रकार चालतो. ज्याला आपण ‘सुचत नाहीं’ म्हणतों तें पुष्कळदां शब्द न सुचणें नसतेंच. म्हणावयाचें काय तें ठरलेलें नसतें. शाळेंत निबंधाच्या तासाला मीं हें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. घंटा होतांच जो मुलगा लिहावयास लागे तो दुसऱ्या पानावर खिडकीबाहेर पाहूं लागे. जो पहिलीं दहा मिनिटें मागच्या पानावर कांहीं तरी खरडीत बसे तो एकदां सुरू झाला म्हणजे मान वर करीत नसे, आणि वेळ संपतांना बहुधा त्याचाच निबंध पुरा झालेला असे.

लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत लिहिला गेला. शाई मिळत नव्हती; पेन्सिलीनें वह्या भरल्या. एवढा प्रचंड ग्रंथ सुमारें पांच महिन्यांत हातावेगळा झाला, याचें कोणालाहि आश्चर्य वाटेल. परंतु गीतेशीं आपला पहिला परिचय १८७२ सालीं, वडिलांच्या शेवटच्या दुखण्यांत त्यांना गीता वाचून दाखवितांना झाला, असें ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनींच सांगितलें आहे. म्हणजे ३८ वर्षें विचार आणि पांच महिने लेखन. आपल्या बुधवारच्या सदराला ३८ वर्षें मिळावयाचीं नाहींत, फार तर ३८ मिनिटें मिळतील. पण तीं लिहिण्याच्या आधीं मिळालीं पाहिजेत, लिहितां लिहितां नव्हेत.

तीं कशीं खर्चावींत? समजा, मुंबईंतील जुन्या विहिरींवर १५०० शब्दांचा लेख द्यावयाचा आहे. सामान्यतः टिपण केलें जातें तें असें: इतिहास, नळाचें पाणी, सद्यःस्थिति, उपाय. याला टिपण म्हणतां यावयाचें नाहीं. या नुसत्या डब्यांवर डकविलेल्या चिठ्ठ्या झाल्या, डबे रिकामेच. टिपणांत पुरीं वाक्यें असावींत, आणि प्रत्येक वाक्यानें कांहीं तरी ठामपणें म्हटलें पाहिजे. ‘नळाचें पाणी’ या शब्दांऐवजीं ‘नळ आल्यावरहि विहिरी चालूच होत्या, पुढें हिवतापाच्या भीतीनें त्यांतल्या कित्येक झांकल्या गेल्या’ असें लिहून पाहावें. लिहितांक्षणींच आपल्याला कळतें कीं याला आधार आपल्याजवळ आहे कीं नाहीं, आणि या वाक्याच्या आधीं काय यावें व नंतर काय. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालापासून आहे व आजहि लोक तिच्याशीं श्रद्धेनें थांबतात, ही हकीकत आरंभीं घालावी कीं शेवटीं, याचाहि निर्णय येथेंच होऊन जातो. अशीं सहा वाक्यें झालीं म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला २५० शब्द येतात, आणि २५० शब्दांना भिण्याचें कोणालाहि कारण नाहीं. सहाव्या वाक्याशीं येऊनहि आपल्याला काय म्हणावयाचें आहे तें समजलें नाहीं, तर लेख लिहावयास बसूंच नये. अजून वाचावें, कोणाशीं तरी बोलावें, किंवा संपादकाला विषय बदलून मागावा.

या बाबतींत प्रयोगाचा आधारहि आहे. रोनाल्ड केलॉग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८८ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आधीं आराखडा करून लिहिणाऱ्यांचें लिखाण आराखडा न करणाऱ्यांपेक्षां सरस उतरलें. पहिला खर्डा ओबडधोबड लिहून मागाहून सुधारणारे, आणि पहिल्या वाक्यापासूनच घोटून लिहिणारे, यांच्या अखेरच्या लिखाणांत मात्र गुणाचा फरक आढळला नाहीं. ओबडधोबड खर्ड्याच्या भक्तांनीं हें दुसरें फळ नीट ऐकावें. त्या पद्धतीनें लेख अधिक चांगला होतो असें कांहीं ठरलें नाहीं. पण तो वाईटहि होत नाहीं, एवढें आपल्या कामाला पुरें आहे.

आतां प्रत्यक्ष खर्डा. येथें नियम एकच, मागें वळून पाहावयाचें नाहीं. विहिरींच्या लेखांत आपण असें लिहीत आहों कीं, विहार तलावाचें पाणी मुंबईला अमुक सालीं मिळूं लागलें, आणि साल आठवत नाहीं. अशा वेळीं उठून पुस्तक काढूं नये, आणि त्याहूनहि फोन हातांत घेऊं नये. फोनांत सालाच्या मागोमाग तलावाचें चित्र येतें, चित्रामागोमाग सहलीची जाहिरात येते, आणि मग मित्राचा निरोप दिसतो. ओळींत एक फुली मारावी आणि पुढें जावें. खर्डा पुरा झाल्यावर साऱ्या फुल्यांचा एकदमच समाचार घ्यावा. १८६० हें साल तेव्हां दोन मिनिटांत सांपडतें. शब्द अडला तरी हेंच करावें. नेमका शब्द आठवत नसेल तर जवळचा एखादा वापरून खालीं रेघ ओढावी. शुद्धलेखन तर या वेळीं मनांतहि आणूं नये. मराठीच्या शिक्षकानें असें सांगावें याचें आपल्याला नवल वाटेल, पण ऱ्हस्व-दीर्घ कोठें पळून जात नाहींत.

घड्याळाशीं करार करून लिहिणारा लेखक म्हणून अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचें नांव घ्यावें लागेल. हा गृहस्थ टपाल खात्यांत अधिकारी होता. १८५२ सालीं चॅनेल बेटांत रस्त्यावर पत्रपेट्या बसविल्या गेल्या त्या याच्याच सूचनेवरून. नोकरीं त्यानें १८६७ पर्यंत केली, आणि एकंदर ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपांचला तो मेजाशीं बसे व साडेआठला उठे. त्याला वेळेवर उठवून कॉफी देणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो त्याबद्दल वर्षाला पांच पौंड अधिक देई, आणि आपल्या यशांत या माणसाचा वांटा इतर कोणाहिपेक्षां मोठा आहे असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचें लिखाण वाचण्यांत जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. हा आंकडा ऐकून छाती दडपण्याचें कारण नाहीं. मिनिटाला १७ शब्दहि होत नाहींत, म्हणजे सामान्य हाताचीच ही चाल आहे. विशेष आहे तें इतकेंच कीं, त्या अडीच तासांत हात थांबत नसे. खात्याच्या कामासाठीं आगगाडीनें फिरावें लागे तेव्हां मांडीवर फळी घेऊन तो पेन्सिलीनें लिही, आणि पत्नी मागाहून त्याची शुद्ध प्रत करी.

मात्र याच ट्रॉलपला लहानपणापासून मनांतल्या मनांत गोष्टी रचण्याची संवय होती, आणि आपल्या पात्रांच्या सहवासांत आपण दिवसाचे कित्येक तास वावरतों असें तो सांगतो. पहाटे मेजाशीं येईपर्यंत पात्रें बोलूं लागलेलीं असत. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें तेव्हां घड्याळाची हकीकत वाचून अनेक रसिकांनीं नाकें मुरडलीं. तोंवर त्याच कादंबऱ्या ते आवडीनें वाचीत होते! वेगाबद्दलचा आपल्या मनांतला आकस कसा काम करतो याचें हें बोलकें उदाहरण आहे.

आदल्या दिवसाचें वाचून आरंभ करण्याची ही युक्ति फार उपयोगी आहे, कारण सर्वांत अधिक वेळ खाते ती सुरुवात. हेमिंग्वेनें १९३५ सालच्या एका लेखांत नवशिक्याला याला जोडूनच दुसरी एक गोष्ट सांगितली होती, ती अशी कीं, पुढें काय येणार हें ठाऊक असेल अशा ठिकाणींच दिवसाचें काम थांबवावें. आपण नेमकें उलट करतों. अडलों म्हणजे उठतों, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच अडलेल्या ठिकाणाशीं येऊन बसतों.

लिहिण्याऐवजीं सांगावें व दुसऱ्यानें उतरून घ्यावें, ही पद्धत आपल्याकडे जुनीच. ज्ञानेश्वरी १२९० सालीं सच्चिदानंदबाबांनीं उतरून घेतली ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परदेशांतलें सर्वांत थरारक उदाहरण दस्तयेवस्कीचें. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हातीं आली नाहीं तर पुढचीं नऊ वर्षें आपलीं पुस्तकें फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला देण्याचा करार तो कर्जापायीं करून बसला होता. आक्टोबर उजाडला तरी एक ओळ तयार नव्हती. तेव्हां त्यानें अ‍ॅना स्नित्किना नांवाच्या एका तरुण लघुलेखिकेला बोलाविलें आणि ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत सांगून पुरी केली. दिवसा सांगावयाचें, रात्रीं तिनें घरीं जाऊन लघुलिपींतून उलगडून काढावयाचें. पुढच्या वर्षीं दोघांचा विवाह झाला, त्यामुळें ही हकीकत नेहमीं प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. धंद्याच्या दृष्टीनें तिच्यांतल्या दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. दुसऱ्या दिवशीं काय सांगावयाचें याचीं टिपणें तो रात्रीं करून ठेवी. आणि परदेशांत जुगाराच्या पायीं नादावलेल्या रशियन माणसाची ही गोष्ट त्यानें तीन वर्षांपूर्वींच, १८६३ सालीं, एका मित्राला पत्रानें कळविली होती.

आज ही लेखनिकाची सोय प्रत्येकाच्या खिशांत आली आहे. फोनाशीं मराठींत बोललें कीं अक्षरें पडद्यावर उमटतात. हातानें मिनिटाला पंधरा शब्द लिहिणारा तोंडानें सहज शंभर बोलतो, म्हणून कोणाला वाटेल कीं प्रश्नच मिटला. मीं हें करून पाहिलें आहे. टिपण समोर नसतां बोललों तर १५०० शब्दांच्या जागीं तीन हजार पडतात आणि त्यांतून काढून टाकण्यांतच सकाळ जाते. शिवाय यंत्र विरामचिन्हांत पुष्कळदां चुकतें, आणि माणसांचीं नांवें तर तें हटकून बिघडवितें. टिपण समोर ठेवून, एकेका वाक्यापुरतें बोलून थांबत गेलों, तर मात्र खरोखर वेळ वांचतो; ज्यांचे हात दुखतात किंवा डोळे शिणतात त्यांना तर हें वरदानच आहे. सारा मजकूर यंत्रानेंच रचून द्यावा अशीहि सोय आतां झाली आहे. पण तो वेग यंत्राचा, लेखकाचा नव्हे. म्हणून तिच्याबद्दल मीं येथें कांहीं बोलत नाहीं.

राहिलें न्यायाधीशाचें काम. तें दुसऱ्या दिवशीं करावें, आणि जमल्यास कागदावर छापून करावें. खर्ड्याला जितका वेळ लागला त्याच्या निम्मा यासाठीं राखून ठेवणें मला रास्त वाटतें. आधीं मजकूर पाहावा, भाषा मागाहून; नाहीं तर जो परिच्छेद काढूनच टाकावयाचा आहे त्याचीं विशेषणें आपण तासभर बदलीत बसतों. शेवटीं एकदां मोठ्यानें वाचावें. घरांतलीं माणसें हंसतील, पण ज्या वाक्याशीं श्वास अपुरा पडतो तें वाक्य दोनदां वाचल्यावांचून वाचकालाहि समजणार नाहीं, हें जिभेला डोळ्यांच्या आधीं कळतें.

एक लहानशी वही मात्र ठेवावी. ट्रॉलप अशी ठेवी. दिवसाचीं पानें तींत मांडलेलीं असत आणि आळसाचा आठवडा गेला कीं कोरी जागा त्याच्या डोळ्यांत सले. आपण तीन रकाने आंखावे: टिपणाला लागलेलीं मिनिटें, खर्ड्यालीं, आणि दुरुस्तीलीं, शेजारीं शब्दांची संख्या. पहिल्या आठवड्याचे आंकडे पाहून कोणी खट्टू होऊं नये. महिनाभरानें आपली खरी चाल कळते, आणि ती बहुधा आपण मानीत होतों तिच्याहून निराळी निघते. कोणाचा वेळ टिपणाअभावीं खर्ड्यांत जातो, कोणाचा दुरुस्तींत, हेंहि तेथें उघड दिसतें, आणि उपाय त्याच रकान्यावर करतां येतो. मग गणपतीच्या आधल्या आठवड्यांत संपादकांचा दूरध्वनि येतो, ‘गुरुजी, दोन हजार शब्द शनिवारपर्यंत होतील का?’ आणि वही उघडून आपण सांगूं शकतों, ‘शनिवारीं नाहीं, सोमवारीं दुपारीं बारापर्यंत मिळतील.’